टिप्याची सुई

हे मी कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. तुळजापूरला देवीपुढे उभी राहिले तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथं नुसते डोळे मिटले आणि मागच्या बाईनं ढकललं तशी पुढं सरकले. बोलायला मला तसंही जमत नाही. चौथीपर्यंत शिकले, अक्षर बरं आहे, म्हणून लिहिते.

टिप्याबद्दल सांगायचं आहे. खरं तर मामांबद्दल. मामा म्हणजे माझे सासरे. पण त्यांच्यापर्यंत एकदम जाता येत नाही — हात थांबतो.

धाराशिवकडच्या वाशीजवळच्या गावात, वस्तीपासून थोडं दूर, आम्ही रानात राहतो. घर शेळ्यांवर चालतं. लग्न होऊन आले तेव्हा किती तरी दिवस मी तोंड उघडलं नाही. मामा म्हणाले, "सून मुकी दिली का काय रं आपल्याला?" आणि स्वतःच एवढे हसले की मलाही हसू फुटलं. पुढं एकदा बाजारातून येताना त्यांनी पिशवीतून कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि माझ्या ओच्यात टाकलं. "घे. ह्याच्यासंगं तरी बोलशील."

बोलले. टिप्याशी मी जेवढं बोलले तेवढं कुणाशीच नाही. भाकरीचा तुकडा मुठीत धरायचा, "बस" म्हणायचं, तो टेकला की मूठ उघडायची. कधी मारलं नाही. करडांच्या अंगावर धावला तर मी त्याच्याकडं पाठ करून उभी राहायची — त्याला तेवढंच लागायचं, पाय चाटत यायचा. उन्हात बसून त्याच्या कानातल्या गोचड्या काढायची. जंताचं औषध गुळात घालून द्यायची. मामा पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या सुनंचं कुत्रं लई शहाणं."

एवढं सगळं केलं. मग ते एकच का नाही केलं?

गुरांच्या दवाखान्याची माणसं पाराजवळ आली होती. कुत्र्यांना सुई द्यायला, पिसाळू नयेत म्हणून. मामा आणि नवरा बोकड घेऊन बाजारला निघाले होते. जाताना मामा म्हणाले, "टिप्याला तेवढं नेऊन आण गं." मी नेलं. पारावर गावातली माणसं बसलेली. मी पदर पुढं ओढला. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "मालकाचं नाव?"

मी टिप्याची दोरी हाताला गुंडाळली. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलेलं नाही. आताच्या पोरी फोनवर नावानं हाका मारतात, मला ते वाईटही वाटत नाही — पण माझ्या तोंडून निघत नाही. मामांचं नावही नाही. पारावरून कुणीतरी म्हणालं, "अहो साहेब, असं कसं घेतील? उखाणा घ्या म्हणावं वैनीला!" दुसरा म्हणाला, "कुत्र्याला सुई अन् वैनीला उखाणा!" सगळे हसले.

लिहिणारा माणूस चांगला होता. "ताई, नुसतं आडनाव सांगा, चालतंय," म्हणाला. हे मी ऐकलं. नीट ऐकलं. तरीही टिप्याची दोरी ओढली आणि परत फिरले.

संध्याकाळी मामांनी विचारलं, "दिली का सुई?" मी मान हलवली. खोटं बोलायला तोंड लागतंच असं नाही.

पुढं पावसाळा सरताना एक परकं कुत्रं शेळ्यांच्या वाड्यात शिरलं. टिप्यानं ते हाकललं, पण त्याचा कान फाटला. मी हळद भरली. जखम वाळली, सगळे विसरले. आणि मग काही दिवसांनी टिप्या "बस" म्हटलं तरी बसेना. कोपऱ्यात अंधाराला तोंड करून राहू लागला. जबडा लोंबायला लागला, लाळ गळायला लागली. मामा म्हणाले, "हाड अडकलंय त्याच्या घशात." मी काही म्हणायच्या आत त्यांनी त्याच्या तोंडात हात घातला.

दात लागला. रक्त थोडंच आलं. मामांनी जखमेवर चुना दाबला. माझा चेहरा बघून म्हणाले, "भेतीस कशाला येडे? सुई दिलीया न्हवं त्याला?"

"व्हय," मी म्हणाले.

हाच तो शब्द. या वेळी तोंडानं. पाराची गोष्ट लाजेची होती असं म्हणता येईल — ही कशाची होती? खरं सांगितलं असतं तर मामा त्याच दिवशी दवाखान्यात गेले असते. नाव घेता आलं नाही म्हणून परत आले, हे ऐकून ते रागावलेही नसते. हसले असते.

टिप्या मेला. नवऱ्यानं बांधाच्या कडेला पुरला. त्यानंतरही वेळ होता. रोज सकाळी मामांना चहा देताना वेळ होता. मी चहा द्यायची आणि परत चुलीपाशी यायची.

मग त्यांच्या हाताला मुंग्या यायला लागल्या, जिथं दात लागला होता तिथंच. मग ताप. मग एके दिवशी मी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि ते अंग चोरून भिंतीला जाऊन चिकटले. "लांब कर, पोरी, लांब कर ते." धाराशिवला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "चावल्यावर आला का नाहीत?" नवरा म्हणाला, "कुत्र्याला सुई दिलेली होती, साहेब." डॉक्टर म्हणाले, दिलेली असली तरी यायचं असतं. हे वाक्य मी कितीदा तरी हातात धरून बघितलं, आपल्याला कामाला येतंय का म्हणून. येत नाही. मामा आले नाहीत ते माझ्या शब्दावर.

ते गेले. कसे गेले ते लिहीत नाही.

नवरा गावभर सांगत सुटला, "सुईत पाणी भरत्यात नुसतं. आमचा बाप गेला की." गावानं मानलं. का मानू नये? ज्याच्या घरात घडलं तोच सांगत होता. आता सुईवाले आले तर पाराजवळ कुणी फारसं कुत्रं नेत नाही. माझं खोटं दुसऱ्यांच्या दारात जाऊन बसलं आहे — आणि मी घरात बसून भाकरी थापते.

शेजारच्या रानातल्या सुनंदानं पिल्लू आणलंय. मला विचारायला आली, टिप्या शहाणा होता म्हणून. मी सगळं सांगितलं. तुकडा मुठीत कसा धरायचा, गोचडी कशी उपटायची, मारायचं नाही. तिनं विचारलं, "अन् सुई गं ताई? द्यावी का? आमचे म्हणत्यात, काय उपेग न्हाय."

"आमच्या टिप्याला दिलती," मी म्हणाले.

ती म्हणाली, "व्हय की गं," आणि पिल्लू उचलून निघाली. तिची बारकी पोरगी त्याच्या तोंडात बोट घालून हसत होती.

हे परवाचं आहे.