आतली आग

पोरांनो, देऊळगाव राजाहून जालन्याला जाताना एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसली होती. लेकीच्या बाळंतपणासाठी ती पहिल्यांदाच विमानाने निघाली होती. मांडीवरच्या डिंकाच्या लाडवांच्या डब्यावर बोटं आपटत ती म्हणाली, "इंजिनात आग असते म्हंतेत. मी पुढच्या थांब्यावर उतरून वापस जाते."

मी तिला समजावलं, की जुन्या जेट इंजिनात सगळी हवा आगीतून जायची आणि कान फाटायचे. आताच्या इंजिनात थोडीच हवा आगीत जाते आणि तिच्या जोरावर पुढचा मोठा पंखा फिरतो. पंख्याची बाकीची हवा आगीच्या बाहेरून थंडच जाते, आणि विमानाला जास्त जोर तीच देते.

बाईची बोटं थांबली.

"म्हंजे आत जळते एक, अन् गाडी ढकलल्याचं नाव बाहेर फिरणाऱ्या थंड्याचं?"

"तसंच."

"मंग त आमच्या घरचंच इंजिन हाय, बाई! थे काय बंद पडते?"

थांबा आला आणि गेला. ती डबा कवटाळून बसूनच राहिली.

घरी येऊन मी हे तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "पण ढकलतो तर बाहेरचाच ना?"

त्या संध्याकाळी मी गॅस पेटवला नाही.