बांध वगळून

भोरहून निघालो तेव्हा पासलीतलं माझं घर मनातल्या मनात बांधून होत आलं होतं. तोरण्याकडे तोंड केलेली पडवी, मागे न्हाणीघर, पुढे एक आंबा. आम्ही ओळखीची काही कुटुंबं मिळून तिथं भातजमिनीचा एक तुकडा घेणार होतो आणि त्यातला वरचा कोपरा माझ्या वाट्याला आला होता. अडचण एवढीच होती की, त्या जमिनीखाली जुनी वस्ती गाडलेली आहे, ती सपाट करू नका, असं गावकरी म्हणत होते. तेव्हा आमचे पुढारी असलेले माझे शेजारी वसंतराव यांनी न खणता जमीन तपासणारं यंत्र ठरवलं. साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं, कारण माझी सगळी नोकरी बांधकामांची मापं तपासण्यात गेली.

नसरापूर सोडून वेल्ह्यात पोचलो, पण यंत्राचा टेम्पो कुठं दिसेना. मोबाईलवरच्या नकाशाच्या नादानं तो पानशेतच्या बाजूला गेला होता. बाजारातल्या हॉटेलात मिसळ खाल्ली, दोन वेळा चहा झाला, एसटी येऊन माणसं उतरवून गेली. शेवटी टेम्पो आला. त्यातला इंजिनिअर अभिजित, माझ्या मुलाच्या वयाचा, उतरतानाच म्हणाला, "काका, उजेड आहे तोवर उरकायला हवं." मला तिथंच खटकलं. रस्ता चुकले हे आणि घाई जमिनीवर?

पासलीच्या अलीकडे रस्ता वळतो आणि खाचरं (बांध घालून केलेली भाताची शेतं) पायऱ्यांसारखी उतरत जातात. कापणी होऊन गेली होती. उन्हात धसकटं पिवळी पडली होती, माती तडकली होती. वर तोरणा स्वच्छ दिसत होता. खोटं कशाला बोलू, जागा पाहून माझा जीव हरखला.

यंत्र म्हणजे लहान मुलाच्या ढकलगाडीसारखी चार चाकांची गाडी. तिच्या पोटातली पेटी जमिनीत लहरी सोडते. खाली दगड लागला की लहर परत येते आणि पडद्यावर कमान उमटते. अभिजितनं दोऱ्या ताणल्या, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रेघा धरल्या. गाडी एका बांधापासून निघून दुसऱ्या बांधाशी थांबायची, वळायची, परत यायची. पडदा रिकामा. वसंतरावांचा चेहरा खुलत गेला.

जेवण खालच्या खाचराच्या मालकीण हौसाबाईंकडे सांगितलं होतं. तांदळाची भाकरी, वालाचं कालवण, ठेचा. वाढताना बाईंनी विचारलं, की जमीन सपाट केली तर पावसाळ्यात पाणी कुठून जाणार. वसंतरावांनी बांध काढून पाइप टाकू असं सांगितलं. बाईंचा हात थांबला.

"कुठला बांध? वरचा? त्यो आमी कदी फोडत न्हाई."

पाणी खाली सोडायला दरवर्षी प्रत्येक बांध कुठंतरी फोडावा लागतो. हा एकच बांध मात्र न फोडता सगळ्यांचं पाणी लांबून वळसा घालून आणतात. आवणीच्या (भातलावणीच्या) आधी त्याच्या कोपऱ्यावर दहीभात ठेवतात. मी कारण विचारलं.

"ठाव न्हाई. सासूनं सांगितलं, फोडू नको. म्या इचारलं न्हाई. तुमी इचारा तिला, वर गेल्यावर."

वसंतराव हसले. मी जेवण संपवून बांधाकडे गेलो. डोंगरातला बांध उताराच्या कलानं वाकत जातो. आजूबाजूचे सगळे तसेच होते. हा मात्र सुतात धरल्यासारखा सरळ, आणि माझ्याच कोपऱ्यात काटकोनात वळलेला. तिथं आमचं यंत्र गेलंच नव्हतं.

अभिजितला विचारलं. बांधावर गाडी चढत नाही म्हणून बांध वगळतात, असं त्यानं सांगितलं. आणि अहवालात? "काही आढळलं नाही." माझं डोकं तडकलं. मापाच्या पुस्तकात न मोजलेल्या भिंतीपुढे मी शून्य लिहिलं असतं तर मला घरी बसवलं असतं. मी म्हणालो, गाडी चढत नसेल तर पेटी सोडव आणि दोरीनं ओढ. वसंतराव म्हणाले, अंधार पडेल. मी म्हणालो, पडू दे.

पोरानं कुरकुरत पेटी सोडवली. मी दोरी धरली, हौसाबाई पदर खोचून पुढची धसकटं बाजूला करत चालल्या. पडद्यावर कमान उमटली. मग दुसरी, तिला चिकटून तिसरी. बांध वळला तिथं रांगही वळली. अभिजित पडद्यावर वाकला.

"शेतकरी बांधात दगड घालतातच की," वसंतराव म्हणाले.

"किती खोल आहे?" मी अभिजितला विचारलं.

"खाचराच्या तळाच्याही खाली जातंय, काका. कमरेएवढं तरी."

"वसंतराव, भाताच्या बांधाला पाया कोण घालतं?"

ती रेघ मूळ आराखड्यात नव्हती, तेव्हा ती अहवालात येणार नाही, एवढंच वसंतराव म्हणाले आणि साक्षीदाराचा कागद पुढे केला. वसंतरावांच्या मोटारीच्या टपावर ठेवून मी लिहिलं, 'बांध शेवटी तपासला. खाली सलग दगडी बांधकाम आहे. कोपरा काटकोनी.' मग सही केली. वसंतरावांनी ते वाचलं आणि सावकाश म्हणाले, "तुमचाच कोपरा जातोय, कळतंय ना?"

कळत होतं. म्हणून तर अक्षर नीट काढलं होतं. निघताना हौसाबाईंनी हातात वालाची पिशवी दिली. पाण्याचं पुन्हा विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर राग मला त्या पोराचा नव्हता, वसंतरावांचाही तेवढा नव्हता. दुपारपर्यंत तो रिकामा पडदा पाहून मीही खूश होतो, याचा होता.

भोरला दार उघडताच बायकोनं विचारलं, "कशी आहे जागा?"

"सुरेख आहे," मी म्हणालो. "पण तिथं आपल्या आधी कुणीतरी बांधलंय."