राणीचं काम

उस्मानाबादच्या कॉलेजच्या गॅदरिंगला मराठीच्या सरांनी एक ग्रीक शोकांतिका बसवली. नकळत बापाला मारून आईशीच लग्न लावणाऱ्या राजाची. पोटच्या पोराची बायको झालेल्या राणीचं काम करायला एकही मुलगी तयार होईना, म्हणून सरांनी माझ्या धाकट्या भावाला उभं केलं. मी तेव्हा तिथंच डी.एड. करत होते. नाटकाला गेले. घरात मान खाली घालून वावरणारा माझा भाऊ तिथं पातळ नेसून ताठ उभा होता आणि सभागृह गप्प होऊन ऐकत होतं.

अण्णा, आमचे वडील, पहिल्या रांगेत होते. ईटजवळच्या आमच्या गावच्या सोसायटीचे ते चेअरमन. मधेच उठून निघून गेले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "पातळ नेसलं ते नेसलं. पण त्याला शोभलं कसं?"

मग त्यांनी घाईनं सोसायटीतल्याच एका संचालकाची मुलगी त्याच्यासाठी बघितली. भाऊ म्हणाला, "अण्णा, मला लग्न करायचं न्हाय. मला पोरी आवडतच न्हाईत. कवाच आवडल्या न्हाईत." अण्णांनी त्याला चाबकानं मारलं. आई मधे पडली, तिलाही लागला. चार दिवसांनी कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही चौघं सोलापूरला मनाच्या डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टरांनी भावाला बाहेर बसवलं आणि आईला विचारायला सुरुवात केली. मुलगा कितव्या वर्षापर्यंत जवळ झोपत होता? वडील तेव्हा कुठं होते?

बहात्तरच्या दुष्काळात अण्णा जनावरं घेऊन छावणीवर होते. आई खडी फोडायला जायची आणि रात्री आम्हा दोघांना दोन्ही कुशींत घेऊन झोपायची. तिनं ते तसंच सांगितलं.

"बघा," डॉक्टर अण्णांना म्हणाले, "वडील लांब आणि आई नको तितकी जवळ. अशी मुलं आईतच अडकतात." पुढं त्यांनीही तोच ग्रीक राजा काढला. प्रत्येक मुलाच्या मनात तो असतो म्हणे.

"मीबी तिच्याच कुशीत झोपत होते," मी म्हणाले.

"मुलींचं वेगळं असतं." माझ्याकडं न बघताच त्यांनी उत्तर दिलं.

परतीच्या एस.टी.त अण्णा आईला एवढंच म्हणाले, "ऐकलंस?" त्यानंतर घरात भाकरी करपली तरी ते म्हणायचे, "पोरगं करपवलं, भाकरीचं काय घेऊन बसलीस?" चाबकाबद्दल डॉक्टरांनी चकार शब्द काढला नव्हता, त्यामुळं अण्णा निर्दोष सुटले होते.

अण्णांचं मी समजू शकते. त्यांना दुसऱ्यावर ढकलायला काहीतरी हवंच होतं. पण आईनंही ते खरं मानलं. ती भावाच्या डोक्याला तेल लावायची बंद झाली. ताट वाढून लांब सरकायची. तो तापानं फणफणला तेव्हा कपाळावरची पट्टी तिनं मला बदलायला लावली. बरा होऊन उठला तेव्हा भाऊ मला म्हणाला, "अक्का, अण्णाचा मार सोसला असता. हे न्हाय सोसत." त्याच आठवड्यात तो पुण्याला गेला. तिथं छापखान्यात लागला, आणि पुढं एका मित्राबरोबर संसार केला. संसारच म्हणते मी, दुसरा शब्द वापरणाऱ्यांशी मी बोलत नाही.

अण्णा गेल्यावर तो मित्राला घेऊन गावी आला. आईनं त्या मित्राला पोटभर जेवू घातलं, त्याच्या गावाकडचं विचारलं. मग भावाला म्हणाली, "माझ्यामुळंच झालं न्हवं रं तुझं असं?"

"न्हाय आई. काही झालेलंच न्हाय मला."

तिनं मान डोलावली, पण ते पटल्याचं तिच्या डोळ्यांत दिसलं नाही. जाताना तो पाया पडला. तिचा हात त्याच्या पाठीपर्यंत गेला आणि वरच थांबला.

आई मरेपर्यंत स्वतःला दोषी समजत राहिली. त्या डॉक्टरांचा दवाखाना पुढं दुमजली झाला. सोलापूरला गेले की मी तो रस्ता टाळत नाही. पाटीसमोर उभी राहते आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देते.