माझ्या हळदीची कॅसेट

स्टुडिओत गेल्याशिवाय गाणं पक्कं होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मी स्टुडिओ बघून आलेय. माझी माय त्या काचेच्या खोलीत उभी होती आणि मी बाहेरून बघत होते. तेव्हापासून कुणी माझ्यापुढे 'साऊंड क्वालिटी' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

वडवणीला आमचं किराणा दुकान. पुढे दुकान, मधे मालाची कोठी, मागे घर. अप्पा गल्ल्यावर बसायचे. माय घर सांभाळून दुकानात हात लावायची आणि लगनसराई लागली की दोन्हीकडून गायब व्हायची. हळदीची गाणी म्हणायला आमच्या भागात तिच्यासारखी दुसरी बाई नव्हती. लग्नाआधी सवाष्णी मिळून उखळात हळद कांडतात, त्याला आम्ही घाणा म्हणतो, आणि घाणा मुका भरला तर लोक वर्षभर नावं ठेवतात. म्हणून ज्याच्या घरी लग्न तो आधी भटजीकडे नाही, आमच्या दारात यायचा. माय ओळ टाकायची आणि मागच्या गल्लीतली धनगराची काकू ती झेलायची. आम्ही लिंगायत वाणी, काकूच्या दारात मेंढरं, पण गायला बसल्या की दोघी एका आईच्या वाटायच्या.

मी बीडच्या कॉलेजात बी.ए.ला होते तेव्हा मायच्या गळ्याला गाठ आली. बीडच्या डॉक्टरांनी औरंगाबादला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल. आणि जाता जाता हेही म्हणाले की आवाजाची नस गाठीला अगदी खेटून जाते, आवाज घोगरा होऊ शकतो, कदाचित बसेलही कायमचा. मायने जगण्यामरण्याचं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "डाक्टर, माज्या पोरीचं लगीन व्हायचंय अजून. ते कोण गाईल?"

डॉक्टर हसले. "मावशी, हल्ली बाजारात कॅसेटी मिळतात की!"

माय हसली नाही. मी पण नाही. खरं तर लग्नाचं नाव काढलं की मी घर डोक्यावर घ्यायचे, पण त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला माझाच मांडव दिसला. माझं लग्न होईल आणि माय मुकी उभी असेल, हे काही मला बघवणार नव्हतं.

दादा तेव्हा औरंगाबादजवळ वाळूजच्या एका कंपनीत लागला होता. ती वर्षंच तशी होती. चौकात पिवळा एसटीडी बूथ आला, घरोघर केबलची वायर आली, अप्पांच्या दुकानात दारावर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या. दादाला तर घरच्या कुठल्याच गोष्टीवर भरोसा उरला नव्हता. घरचा मसाला नको, घरचा शिंपी नको. "मायचा आवाज ऑपरेशनच्या आधी टेप करून ठेवायचा," असं मी म्हणाले तर म्हणतो, "करायचंच तर प्रोफेशनल करू. घरच्या टेपवर खरखर येती." आणि त्याने औरंगाबादला एक स्टुडिओ ठरवूनसुद्धा टाकला.

जिना चढून गेलो. खोलीला गालिचा, भिंतींना फोम, वर एसी. मायने चपला बाहेर काढल्या आणि त्या गार खोलीत पदर गच्च लपेटून उभी राहिली. तिथल्या माणसाने तिच्या कानांवर हेडफोन चढवले, त्यात डोक्यावरचा पदर मागे पडला. तिने तो पुढे ओढला, हेडफोन सरकले. असं दोनदा झालं. मग तो माणूस काचेबाहेर येऊन खुर्चीत बसला आणि माईकमधून म्हणाला, "मौशी, बांगड्या वाजतायत. काढून ठेवा."

मायला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने हेडफोन कानांवरून काढून हातात घेतले. "बांगड्या काढू? कावून? माजा नवरा वडवणीला दुकानात बसलाय, जित्ता. आन् मी हळदीचं गाणं भुंड्या हातानं म्हणू व्हय?"

"अहो, फक्त रेकॉर्डिंगपुरतं."

"इपरीत रेकॉर्डिंगपुरतं असतंय का बाबा?"

दादाचं तोंड लालबुंद. शेवटी तोडगा निघाला. दादाने आपला हातरुमाल आणि त्या माणसाचा नॅपकिन घेऊन मायच्या दोन्ही मनगटांवर बांगड्यांभोवती घट्ट बांधले. पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होती ती. माझा संताप संताप झाला होता, पण मी गप्प बसले, कारण मलाही वाटत होतं, आवाज तरी राहील.

मायने डोळे मिटले आणि पहिली ओळ टाकली. काय ओळ होती! त्या माणसाचीसुद्धा मान हलली. ओळ संपली आणि माय थांबली. सवयीने थांबली. समोरून झेलणारं कुणी नव्हतंच. काकू वडवणीला मेंढरं बघत होती. मायने डोळे उघडले, काचेकडे पाहिलं.

"मौशी, थांबू नका, पुढे म्हणा. कोरस आपण मागून टाकू."

"मागून?" माय म्हणाली. "गाणं हाय का वरण, मागून मीठ टाकाया?"

पुन्हा सुरू केलं. पुन्हा ओळीच्या शेवटाला थांबली. तिसऱ्यांदा तर तिला पुढची ओळच आठवेना. माझ्या मायला! जिने उभ्या उभ्या अख्खी लग्नं पार पाडली, ती काचेमागे ओठ हलवत उभी. मग तिने दातांनी रुमालाची गाठ सोडली, बांगड्या खळखळ खाली आल्या आणि ती बाहेर निघाली.

दादा दारात आडवा आला. "माय, अगं आगाऊ पैसे दिलेत त्यांना!"

"मग तू गा," माय म्हणाली आणि चपला घातल्या.

मला हसूही फुटलं आणि टाळ्याही वाजवाव्याशा वाटल्या.  एसटी बीडला आली तेव्हा ती म्हणाली, "आवाज ऱ्हाईल न्हाईतर जाईल. पर असा हात बांधून न्हाई द्यायची मी."

झालं. मग मीच कंबर कसली. आमच्याकडे अप्पांचा टू-इन-वन होता, रेडिओ आणि टेप एकातच, बातम्या ऐकायचा. कोऱ्या कॅसेटी आणल्या, नवे सेल घातले, कारण लाईटचा काही नेम नव्हता. आधी पुढच्या खोलीत करून बघितलं, तर वरच्या पत्र्याने आवाज घुमला. मग कोठीत गेले. तिथे चहूकडे ज्वारीची, हरभऱ्याची पोती छतापर्यंत रचलेली. मी एक टाळी वाजवली, ती पोत्यांनी गिळली. म्हटलं, घ्या, हाच आमचा फोम! टेप जमिनीवर ठेवला तर मुसळाचे दणके त्याला बसायचे, म्हणून एका पोत्यावर ठेवला. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन-तीनदा फसलं, मग जमलं, एवढंच.

बाजाराचा दिवस टाळून एका दुपारी बायका जमवल्या. काकू आली, उखळ आलं, हळकुंडं आली. मी बटणावर बोट ठेवून म्हटलं, "हं, माय, म्हण."

"कुणाचं लगीन हाय?" माय म्हणाली.

"लग्न कुणाचं कशाला पाहिजे? टेपच तर करायचंय."

"आगं, मग नाव कुणाचं घालू गाण्यात? हळद काय हवेला लावू?"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. काकू म्हणाली, "ही हाय की घोडी म्होरं बसलेली. हिलाच नवरी करा!"

"मला नाही लग्न करायचं," मी ओरडले.

"तुला कोण इचारतंय? बस पाटावर," माय म्हणाली. मग एकदम हळू बोलली. "बस गं. खऱ्या लग्नात म्हणता येईल का न्हाई, कुणाला ठावं. आज तुजं लगीन गाते मी."

मी बसले. रडायला येत होतं आणि रडले तर टेपवर येईल म्हणून ओठ दाबून बसले. मायने माझं नाव घेऊन ओळ टाकली, काकूने झेलली, मुसळं उखळात पडायला लागली. बायकांनी माझ्या गालांना खरोखरची हळद फासली. एक बाजू संपून बटण खट्कन वर आलं तरी माय गातच होती. मी हळदीच्या हातानेच कॅसेट उलटी केली.

ऑपरेशनला न्यायला दादा आला तेव्हा त्याला ती ऐकवली. तो कान लावून बसला. म्हणाला, "यात मेंढरं ओरडतायत. आन् हे कोण शेंगदाणे मागतंय मधेच?"

"मागणारच," मी म्हटलं. "दुकान आहे आपलं."

 जाताना मात्र दादा स्वतःसाठी एक कॅसेट भरून द्यायला सांगून गेला.

दवाखान्यात नर्सने मायला गळ्यातलं लिंग काढायला सांगितलं. "गळा कापा, लिंग निघायचं न्हाई," माय म्हणाली. शेवटी दंडाला बांधू दिलं तेव्हा टेबलावर चढली. ऑपरेशन चांगलं झालं. आवाज मात्र गेला. कितीतरी महिने नुसती कुजबुज, मग हळूहळू एक जाड, खरबरीत आवाज वर आला, एखाद्या गडीमाणसासारखा. दुकानात गिऱ्हाइकं म्हणायची, "मावशी, बोलू नका, तरास होईल." आणि ही त्याच आवाजात त्यांची मागची उधारी काढायची. लग्नांची बोलावणी मात्र कमी झाली. बोलावलं तरी लोक तिला खुर्ची द्यायचे आणि गायला दुसरीला बसवायचे.  ती घरी येऊन भांडी आपटायची.

काही वर्षांनी माझं लग्न ठरलं. धारूरचं स्थळ, तेही दुकानदारच. हळदीच्या दिवशी दारात मांडव, मी पाटावर, बायकांनी मुसळं धरलेली. माय हळदीचं ताट घेऊन मांडवाच्या खांबापाशी उभी होती. आणि एकदम लाऊडस्पीकरमधून तिचा आवाज आला. तो आधीचा, स्वच्छ, कोवळा आवाज. माझं नाव घेत होता. दादाने कॅसेट लावली होती. मायला त्रास नको म्हणून, अगदी प्रेमाने लावली होती बिचाऱ्याने.

बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. स्पीकरमधल्या आवाजामागून त्या ओळ झेलायला लागल्या. काकू तेवढी झेलत नव्हती, मायकडे बघत होती. गाण्यात नवऱ्याच्या नावाची जागा आली. टेप केला तेव्हा नवरा होता कुठे? त्या जागी काकू मुद्दाम मोठ्याने खोकली होती. स्पीकरमधून तो खोकला अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. सगळ्या हसल्या.

"बंद कर ते," माय म्हणाली.

"अगं माय, तुजाच आवाज हाय."

"माजा हाय म्हणूनच म्हंते, बंद कर. मी मेल्यावर लाव. आज मी हाय. आन् जावयाला नाव हाय."

माझी एक मावशी मधे पडली. "अक्के, गळ्याला ताण कशाला देतीस?"

"गळा माजा, पोर माजी. तू मुसळ धर."

दादाने बटण दाबलं. मायने ताट खाली ठेवलं आणि गायला लागली. पहिली ओळ इतकी खाली होती की बायकांना कुठून उचलावी कळेना. मांडवात चुळबूळ झाली. मग काकूने आपला आवाज खाली नेला, तिच्या शेजारी नेऊन ठेवला आणि ओळ झेलली. मागून एकेक बाई आली. वरच्या सुरातल्या ओळीला मायचा आवाज चिरकला, तुटलाच. दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. माय पाणी प्यायली आणि पुन्हा त्याच ओळीवर आली. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तिने ती ओळ तोडूनच म्हटली, दोन तुकड्यांत, आणि जावयाचं नाव मात्र असं ठणकावून घेतलं की दुकानात बसलेले अप्पा उठून बघायला आले. मी पाटावर हमसून हमसून रडत होते आणि मला कुणाची लाज वाटत नव्हती.

संध्याकाळी दादा तिच्या शेजारी बसला. हळूच म्हणाला, "माय, लई फाटला गं आवाज तुजा."

"फाटू दे," ती म्हणाली. "लुगडं फाटलं म्हणून कवा उघडी बसले का मी?"

त्या दिवशीचं गाणं कुणीच टेप केलं नाही. मीही नाही. पुढे कितीतरी वर्षं ती त्याच आवाजात लोकांच्या लग्नांत गायली, बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी. त्याच आवाजात तिने माझ्या लेकरांना निजवलं, मला झापलं, जावयाची खोड काढली. ती गेली तेव्हा भेटायला आलेले सगळे म्हणत होते, नशीब तुझं, आवाज तरी आहे तुझ्याकडे. मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. म्हटलं, माझ्याकडे आहे तो ऑपरेशनला भ्यायलेल्या एका बाईचा आवाज. माझ्या मायचा आवाज घोगरा होता.