पुठ्ठ्यात चिकटलेला कवी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता ऐंशी ओलांडली, टाळायलाही फार दिवस उरले नाहीत.

जुनं पुस्तक हातात आलं की गुलमंडी बाजारातले जिल्दवाले मामा ते आधी उघडायचे नाहीत. कानाशी न्यायचे, पुठ्ठ्यावर नखानं टकटक करायचे आणि म्हणायचे, "आत कोणतरी हाय."

त्यांचं नाव या गोष्टीतल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत पहिल्या पानावर येईल. इथं गुलमंडी त्यांना जे म्हणायची तेच ठेवतो.

तुमच्यापैकी काहींनी ती टकटक ऐकलीही असेल. तिचं कारण मात्र थोड्यांनाच ठाऊक होतं. पूर्वी जिल्दसाज रद्दीचे कागद खळीनं एकावर एक चिकटवून पुठ्ठे करत. मामांच्या आज्यानं दौलताबादच्या एका मेलेल्या कारकुनाचे कागद असेच रद्दीत घेतले. एकोणिसाव्या शतकातला तो कारकून. कचेरी सुटली की घरी, दाराला आतून कडी. कुणाकडं जाणं नाही, कुणाचं येणं नाही. कागदांवर मोडीत त्याच्या कविता होत्या. आज्याला वाचता येत नव्हतं. त्यानं पुठ्ठे केले आणि ते शहरभरच्या वह्या-पोथ्यांना लागले.

असा एक पुठ्ठा भिजून सुटला, तेव्हा मामांना हे कळलं. मग ते एका म्हाताऱ्या पटवाऱ्याकडं बसून मोडी शिकले. जुनी वही दिसली की नवी जिल्द फुकट बांधून द्यायचे, बदल्यात जुना पुठ्ठा मागून घ्यायचे. परातीतल्या कोमट पाण्यात पुठ्ठा ठेवून बोटांनी एकेक पदर सोडवायचे. मी घाई केली की म्हणायचे, "थांबा सर. शंभर वर्सं गप बसलेला माणूस हाय, एकदम कसा बोलंल?"

मी कॉलेजात मराठी शिकवायचो. "आज्यानं कोंडलाय, तुम्ही बाहेर काढा," म्हणून ते माझ्याकडं आले. मी कागद हातात घेऊन गंभीरपणे पाहत राहिलो. मला मोडी येत नव्हती. मामांनी ते ओळखलं असावं.

"मोठ्यानं वाचलं की मला नीट लागतं सर. तुम्ही नुसतं लिवा."

चार वर्षं ते वाचत होते, मी लिहून घेत होतो. एकदा या ओळी आल्या:

दार लाविलें म्हणूनि मज म्हणती एकला,
भिंतीत चिमणीनें येउनि संसार मांडिला.

मामांनी चष्मा काढून पुसला. "लोकं उगाच एकटा म्हणत व्हते त्याला."

पुस्तक आलं. वर माझं नाव, शोधही माझा आणि संपादनही माझंच. प्रकाशनाच्या दिवशी कुणीतरी विचारलं, हे कागद कुठं मिळाले, मोडी वाचली कुणी? मामांचं नाव घेतलं असतं तर माझं अज्ञान उघडं पडलं असतं. मी म्हणालो, "एका खासगी संग्रहात मिळाले. वाचन माझंच."

शेवटच्या रांगेत मामा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

कार्यक्रम संपल्यावर ते पुढं आले. पुस्तक घेतलं, कानाशी नेलं, टकटक केलं.

"शिलाई कच्ची हाय सर. दुकानावर आणा, पक्की बांधून देतो."

आणि बांधून दिली. इतकी वर्षं झाली, एक पान हललेलं नाही.

माफी मागायला मी दोनदा गेलो. "मामा, त्या दिवशी मी…" एवढं म्हणेपर्यंत ते चहा सांगायचे. "कवी बाहेर आला ना सर? मग झालं तर."

तोंडानं जमत नाही म्हणून तिसऱ्यांदा चिठ्ठी लिहून नेली. दुकान बंद होतं. शेजारचा कापडवाला म्हणाला, "मामा गेले की. मुकुंदवाडीला लेकीकडं व्हते. दहावा पण झाला. तुम्हाला कुणी सांगितलं नाय?"

चिठ्ठी त्यांनी बांधलेल्या त्याच पुस्तकात ठेवली आहे. तीनच ओळी आहेत.

मामा, मला मोडी येत नाही.
वाचन तुमचं होतं.
माफ करा.