चोरीची पायली

तारीख १४ मे १९६३, मंगळवार. रक्कम एक पायली जोंधळा, म्हणजे त्या आठवड्याच्या बाजारभावाने दोन रुपये. हजर असलेले: मी, माझी थोरली जाऊ हौसाक्का आणि कणगीच्या झाकणावर झोपलेली मांजर.

लग्न होऊन मला सहावा दिवस होता. माझे वडील साताऱ्यात कचेरीत कारकून. मी सातवी पास होऊन पलूसच्या अलीकडच्या एका शेतकरी घरात आले होते. सासूबाई वारलेल्या, त्यामुळे धान्याच्या खोलीची किल्ली आक्काच्या कमरेला असे. त्या दिवशी तिने मला खोलीत नेले, मांजर उठवली, चार शेरांची लाकडी पायली शिगोशीग भरली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ही तुजी."

"कशाला?"

"चोरायला."

मला वाटले, नव्या नवरीची थट्टा चालली आहे. पण आक्का गंभीर होती. "तुला बांगड्या लागतील, तुजा भाऊ आला तर त्याच्या हातावर चार आणं ठेवावं वाटंल. सासऱ्याकडं मागशील? न्हाई मागनार. मग चोरशील. समद्याच चोरत्यात, मीबी चोरलंय. चोरायचं ते दर म्हैन्याला एवढंच, आन माज्या म्होरं. ह्याच्यावर एक दानाबी न्हाई."

मग तिने त्यामागचा हिशेब सांगितला. तिला अक्षर वाचता येत नव्हते. चोरून आणलेले धान्य गावातला वाणी ओळखतो आणि निम्म्या भावाने घेतो. म्हणजे बाईला दोन रुपये हवे असतील तर घराच्या दोन पायल्या जातात. आक्का घरच्या पोत्याबरोबर ती पायली बाजारात उघड विकायची आणि दोन रुपये आणून द्यायची. "तुला तेवढंच मिळालं, घराचं निम्मं वाचलं. चोरी तर झालीच पायजे, पर तोट्यात नगं." मी मनात गुणाकार करून पाहिला. बरोबर होता. त्या क्षणापासून मी तिची झाले.

पायली शिगोशीग का, हेही मी विचारले. म्हणाली, "चोरीचं माप सपाट नसावं. मानसाला वाटलं पायजे, आपुन घर लुटलं."

घरात आम्ही नऊ जण. आक्काचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, फौजेत होते, ते धरले तर दहा. त्यांची मनीऑर्डर दर महिन्याला येई. आक्का त्या नोटा वास घेऊन एका डब्यात ठेवी. "वास कसला घेता?" म्हटले तर म्हणे, "टपालवाल्याच्या तंबाखूचा येतो. ज्या दिशी येनार न्हाई, त्या दिशी इचारायचं, नोट कुठनं फिरून आली." भाकरी ती मोजत नसे, पीठ मोजी. म्हणे, "भाकरी मोजली का खानारा लाजतो. पिठाला लाज न्हाई."

सबंध घराचा जीव तेव्हा एका गोष्टीत अडकला होता. विहिरीवर तेलाचे इंजिन बसवायचे. मोटेचे पाणी उन्हाळ्यात निम्म्या उसालाच पुरे, बाकीचा डोळ्यांदेखत वाळे. सांगलीच्या व्यापाऱ्याने सांगितले होते, सहाशे रुपये बयाणा भरा, बाकीचे हप्त्याने. भरायचे १९६५ च्या पाडव्याच्या आत, पुढे किंमत चढणार होती. ६४ च्या दिवाळीला डब्यात चारशे तीस होते. उरलेले एकशे सत्तर धान्यातून काढायचे होते. घरखर्चाची वही मी लिहीत असे, तीत कणगी मोजून मांडली: दोनशे सत्तर पायल्या. नवा शाळू जोंधळा खळ्यावरून घरात येईपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, रोज एक याप्रमाणे खायला दीडशे. पाहुणे आणि बलुते पंचवीस. धाकटी जाऊ शालन आणि मी, दोघींच्या चोरीच्या पाच महिन्यांच्या दहा. उरल्या पंच्याऐंशी. दोन रुपयांप्रमाणे बरोबर एकशे सत्तर.

त्या वहीचा मला अभिमान होता आणि माझ्यापेक्षा माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, जास्त. आल्या-गेल्याला ते वही दाखवीत. भाऊबीजेला त्यांचे मेव्हणे, इस्लामपूरचे मामा, आले. आप्पा म्हणाले, "आमच्या सूनबाईची वही वाचा जरा. सरकारी दफ्तर झक मारंल." मामांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"मीठ, चार आणे. काडेपेट्या, दोन आणे. बैलांना पेंड, तीन रुपये. चोरी, दोन पायल्या."

मामा थांबले. पान उलटून मागे गेले. "आश्विन. चोरी, दोन पायल्या. भाद्रपद. चोरी, दोन पायल्या. श्रावण…" मग चष्म्यावरून आप्पांकडे पाहून म्हणाले, "दाजी, तुमचा चोर लय नेमाचा दिसतोय. श्रावनबी पाळत न्हाई."

मी खरे तेच लिहिले होते. जे जाते ते लिहायचे, हे वडिलांनी शिकवलेले. आप्पांचा चेहरा तांबडा झाला. "कोन हाय चोर?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात आक्का पदर सावरून पुढे झाली. "मी. किल्ली माज्याकडं हाय, तवा चोरबी मीच की."

"घरात बाईमानसाला पैका कशाला लागतो? ठेव किल्ली हितं!"

आक्काने किल्ली काढली आणि जोत्यावर ठेवली. नऊ वर्षे कमरेला असलेली वस्तू. चूल पेटवायला म्हणून ती आत गेली. मी मागोमाग जाऊन रडू लागले.

"आगं, रडू नगं. खोटं तर न्हाई ना लिवलंस?"

"नाही."

"मग झालं. पर मास्तरीण, चोरीला चोरी लिवत्यात व्हय? किरकोळ लिवायचं! येवढं सातारचं शिक्षान, आन किरकोळ ठावं न्हाई." आणि ती हसू लागली, ती ठसका लागेपर्यंत. मी रडता रडता हसले. पण इंजिनाचे काय होणार, ही धास्ती दोघींनाही होती.

आप्पांचे राज्य सुरू झाले. किल्ली त्यांच्या उशाखाली. सकाळी एक पायली ते स्वतः मोजून देत, सपाट, वर हात फिरवून. कोणी जादा मागितले तर "काल दिलं हुतं की!" घरात पै-पैशाला बंदी झाली. आक्का मिळेल तेवढ्या पिठात भागवत राहिली. मी म्हटले, "काहीतरी सांगा त्यांना." म्हणाली, "धरन बांधलं की पानी थांबतंय व्हय? ते वाट बघतंय. आपुनबी बघू."

संक्रांतीला आप्पांनीच मला कणगी मोजायला सांगितली, आपला कारभार वहीत चढावा म्हणून. दिवाळीपासून सत्तर दिवस झाले होते. खाण्याच्या सत्तर, पाहुण्यांच्या बारा. राहायला हव्या होत्या एकशे अठ्ठ्याऐंशी. मी दोनदा मोजल्या. एकशे छप्पन्न भरल्या. तूट बत्तीस पायल्या. म्हणजे चौसष्ट रुपये, म्हणजे इंजिन गेले.

आप्पा भिंतीला टेकून बसले. "आरं, किल्ली तर माज्या उशाखाली हुती." एवढेच दोनदा म्हणाले.

तेव्हा आक्काने रिकामी पायली आणून सोप्याच्या मधोमध ठेवली आणि सगळ्यांना बसवले. "कशाला नेलं, त्ये मी इचारनार न्हाई. कुनीच इचारायचं न्हाई. किती नेलं, तेवढं सांगा. मला आकडा पायजे, बाकी तुमचं तुमच्याजवळ."

शालन हळूच म्हणाली, "सहा." आप्पांना सकाळचा चहा तीच नेऊन देत असे.

माझे यजमान खाली बघत म्हणाले, "धा." अंगणात आमच्या बैलांच्या गळ्यात महिनाभर नव्या घुंगुरमाळा वाजत होत्या. विचारायचे कारणही नव्हते.

मी म्हटले, "दोन." आक्काने एकदम माझ्याकडे पाहिले. कशासाठी ते मी आजही सांगणार नाही. नियम तो नियम.

"अठरा झाल्या," आक्का म्हणाली. बेरजेत ती कधी चुकली नाही. "चौदा ऱ्हायल्या."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पोरांकडे पाहिले, तर ती भेदरून मागे सरली. मग भिंतीकडून खोकल्याचा आवाज आला.

"चौदा," आप्पा म्हणाले.

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेहून आप्पा त्या वर्षी ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा परतले होते आणि यात्रेत तमाशाचे फड उतरतात. एवढेच मी नोंदवते. घर त्यांचे, शेत त्यांचे, धान्य त्यांचे. तरी उजळ माथ्याने पोते न विकता त्यांनीही आम्हा बायकांसारखे अंधारात नेऊन वाण्याला निम्म्या भावाने दिले होते.

आधी शालनला हसू फुटले. मग माझ्या यजमानांना. शेवटी आप्पाच पोट धरून हसायला लागले. "च्यायला, समदं घरच चोर! आन एकच राखनदार, तिलाच मी काढली." त्यांनी उशाखालची किल्ली आणली आणि आक्काच्या हातात दिली. "घे बाई. इंजान आनायचं तुला जमलं तर बघ."

दुसऱ्या दिवशी आक्का मला घेऊन वाण्याकडे गेली. बत्तीसच्या बत्तीस पायल्या त्याच्याच कोठीत पडून होत्या, तो भाव चढायची वाट पाहत होता.

"आमचं धान्य परत द्या. दिलं त्याच भावानं. ह्ये बत्तीस रुपयं."

"आक्का, धंदा हाय. असं कुटं असतं व्हय?"

"नगा दिऊ. मी उद्यापासनं मीठ-मिरची पलूसला घेईन. कुनी इचारलं का, तर सांगीन, सासरा चोर, दीर चोर, जावा चोर आन वानी चोराचा सोबती."

"आवं, तुमच्याच घरची अब्रू जाईल की!"

"आमची जाईल एकदाच. तुमचं गिऱ्हाईक रोज जाईल. बगा, हिसाब करा."

वाण्याने हिशेब केला. संध्याकाळी धान्य घरी आले.

तरी डब्यातले बत्तीस रुपये वाण्याला गेले होते, त्यामुळे मी वही मांडली तेव्हा बारा रुपये कमी पडत होते. मी म्हटले, "पुढच्या अडीच महिन्यांच्या चोरीच्या पायल्याही सोडल्या, तरी बारा कमी." आक्का म्हणाली, "सोडल्याच की. समद्यांची आगाऊ करून झालीया. पाडव्यापातूर चोरीला सुट्टी." बारा रुपये म्हणजे सहा पायल्या, त्या पाहुण्यांच्या तेरांतून काढायच्या ठरल्या. ते काम आप्पांनी अंगावर घेतले. पाहुणा दारात दिसला की आप्पा चप्पल घालून बाहेर. "चला, देवळाकडं बसू, घरात लय उकाडा हाय." हे माघातल्या थंडीत. चहा पाजून, गप्पा मारून पाहुण्याला तिकडूनच एस. टी.त बसवून ते परत येत आणि दारातूनच ओरडत, "सूनबाई, लिव! अर्दी पायली वाचली."

पाडव्याच्या दोन दिवस आधी आप्पा, माझे यजमान आणि आक्का सांगलीला जाऊन सहाशे रुपये मोजून आले. वैशाखात विहिरीवर इंजिन फुटफुटू लागले. पहिला दिवसभर आप्पा त्याच्याजवळून हलले नाहीत. आणि पाडव्यापासून दर महिन्याला घरात दोनच्या जागी चार पायल्या शिगोशीग भरल्या जाऊ लागल्या: शालन, मी, माझे यजमान आणि आप्पा. आप्पा आपली पायली घेताना इकडेतिकडे बघून घेत. आक्का म्हणे, "बगू दे. तेवढ्याबिगर गोडी न्हाई." वहीत मी 'किरकोळ' लिहीत असे.

पाचवी पायली कधीच नव्हती, हे माझ्या ध्यानात यायला उशीर झाला. आकड्यांवर नजर ठेवणारीला हे दिसू नये, याची मला अजून लाज वाटते. मी विचारले, "आक्का, तुमची पायली कुठं आहे?"

"मला कशाला? मला किल्ली हाय."

"म्हणजे?"

"किल्लीवाल्यानं चोरायचं न्हाई. येवढा एकच नेम हाय, मास्तरीण. आप्पा तितंच चुकलं. दुसऱ्यानं चोरलं तर धान्य कमी हुतं. किल्लीवाल्यानं चोरलं का समदं घर चोर हुतं."

१९६९ मध्ये थोरले दीर फौजेतून निवृत्त झाले. त्यांना साताऱ्यात पहारेकऱ्याची नोकरी मिळाली आणि आक्का त्यांच्याकडे राहायला निघाली. लग्नाला सतरा वर्षे झाली होती, पण सलग सहा महिने नवऱ्याबरोबर काढलेले तिला आठवत नव्हते. ती इतकी आनंदात होती की आम्हाला रडायची सोय राहिली नाही. निघायच्या सकाळी तिने किल्ली माझ्या कमरेला खोवली, दोन पावले मागे होऊन पाहिले आणि हात पुढे केला.

"आन."

"काय?"

"माजी पायली. आता किल्ली माज्याकडं न्हाई."

मी खोली उघडली. पायली शिगोशीग भरली, एवढी की चार दाणे सांडले. मांजर नव्हती, पण तिची नात होती. आक्काने इकडेतिकडे पाहिले, जोंधळा पदरात ओतून घेतला आणि चोरासारखी पाय न वाजवता मागच्या दाराने निघाली. आप्पा अंगणातच होते. ते मुद्दाम आभाळाकडे बघत उभे राहिले.

पंधरा दिवसांनी दिरांच्या हातचे कार्ड आले. मजकूर आक्काचा होता: पायली वाटेत बाजारात पुऱ्या भावाने विकली, तीन रुपये आले. कशाला खर्चले ते विचारू नये.

त्या दिवशी मी वही काढली आणि माझ्या कारभारातली पहिली नोंद केली: किरकोळ, एक पायली, तीन रुपये. पोच: हौसाबाई.