सासूबाईंचं दुखणं

योगाला न जाण्याचं माझं खरं कारण फार साधं होतं. जमिनीवर बसले की उठताना मला भिंत नाहीतर खुर्ची लागते, आणि बागेत भिंत कुठून आणायची? सगळ्या बायकांसमोर रांगत उठायची मला लाज वाटत होती. हे मी मैत्रिणीला सांगायला हवं होतं. ती माझ्याच ऑफिसातली, राहायला बुढापारा मोहल्ल्यात. तलावाजवळच्या बागेत सकाळी बायकांचा योगवर्ग भरतो, तिथं मी यावं म्हणून ती हात धुऊन माझ्या मागे लागली होती.

मी आधी मान धरल्याचं सांगितलं, मग सकाळी नळाला पाणी येतं म्हणाले. तिच्याकडे प्रत्येकावर तोड होती. एक दिवस तिनं माझ्यासाठी नवी चटईच आणून टेबलावर ठेवली. मी गडबडले आणि बोलून गेले, की सासूबाईंनी अंथरूण धरलंय, त्यांना सोडून कशी येऊ?

आमच्या या हिंदी मुलखातल्या मराठी घरांत कुणी आजारी आहे असं कळलं, की न विचारता डबा घेऊन जायची रीत आहे. मी स्वतः किती घरी डबे पोचवलेत. तरी थाप मारताना ते डोक्यात आलं नाही. रविवारी ती मुगाची खिचडी आणि कढी घेऊन चौबे कॉलनीत आमच्या दारात हजर. दार सासूबाईंनीच उघडलं. पदर खोचलेला, हातात खराटा.

मी आतून धावत आले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. "मले काय धाड भरली?" सासूबाई तिला विचारत होत्या. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. गरम आहे तोवर खाऊन घ्या, एवढंच म्हणाली आणि चहा न घेता गेली. सासूबाईंनी खिचडी आवडीनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला म्हणून बागेत गेले. चटई टाकते न टाकते तोच बायका भोवती जमल्या. "दीदी, सासू माँ की तबीयत कैसी है?" एकीनं विचारलं. दुसरीनं त्यांच्यासाठी नारळ फोडला होता. माझी थाप मैत्रिणीनं खरी मानून सगळ्यांना सांगितली होती. आता खरं बोलून टाकावं असं मनात आलं, तेवढ्यात मैत्रीणच पुढे झाली.

"हव, अब ठीक हैं," ती म्हणाली. "कल उठके बैठीं. थोड़ी खिचड़ी भी खाईं."

त्या दिवशी मी सगळ्यांदेखत रांगतच उठले. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ज्या लाजेपायी हे सगळं केलं, ती फुकटच होती.

फाटकाशी मी चुकलं म्हणाले. ती चप्पल घालत होती. "आज तुह्यासाठी खोटं बोलली मी," ती म्हणाली. "आता मले पुन्हा बोलाले नोको लावू."

मी मान हलवली. पण त्या बायका अजूनही सासूबाईंची चौकशी करतात, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच उत्तर देते.